पंचवीस वॅट जातात कुठे?

मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकून भाईंदर पश्चिमेची बस डोंगरीच्या पुढे आली की हवा बदलते. मिठागरं संपतात आणि बोंबलाचा वास सुरू होतो. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती चढत गेल्या, पण उत्तन, पाली, चौक ही किनाऱ्यावरची गावं आजही डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या जाळ्यांच्या, मासेमारीवर आणि बांबूच्या वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांवर उभी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या असतात. इंजिन उघडलं जातं, कुजलेल्या फळ्या बदलल्या जातात, जाळी सांधली जातात, बाहेरून नवा रंग चढतो. केबिनच्या छपरावर उभी असलेली पांढरी काठी मात्र बहुतेक बोटींवर होती तशीच राहते. त्या काठीतून खाली येणारी काळी केबल कुठल्या खिळ्याला बांधली आहे, कुठे घासते आहे, याची चौकशी कुणी करत नाही.

हा लेख त्या काठीबद्दल आणि त्या केबलबद्दल आहे. वायरलेस घेताना माणूस संचाची कंपनी पाहतो, वॅट पाहतो, पडदा रंगीत आहे का तेही पाहतो. केबल दुकानदार देईल ती आणि अँटेना शिल्लक असेल ती. समुद्रावर आवाज हरवतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि तेही संच अगदी ठणठणीत असताना. संच, केबल आणि अँटेना या तीन वेगळ्या खरेद्या नाहीत, ते एकच यंत्र आहे. मासेमारीच्या बोटींपुरतं तरी हे कुणीतरी स्पष्टपणे लिहायला हवं असं मला वाटतं.

आधी थोडी ओळख. कोळीवाड्यात ज्याला सरसकट वायरलेस म्हणतात तो सागरी व्हीएचएफ संच १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकटाची हाक आणि पहिली हाक यांसाठी हे चॅनल जगभर राखून ठेवलेलं आहे. बोटीवर बसवलेला संच जास्तीत जास्त २५ वॅटने बोलतो, हातात धरायचा साधारण ५ वॅटने. १ वॅटचं बटणही असतं आणि बंदरात जवळच्या जवळ बोलताना तेच वापरायचं असतं. किनाऱ्याजवळ मोबाइल चालतो, म्हणून वायरलेसची आठवण होत नाही. राज्याचा मासेमारी कायदा १९८१चा आहे आणि त्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटर. डोलीच्या बोटी त्या हद्दीच्याही पलीकडे जातात. तिथे मोबाइलचा भरवसा संपतो आणि त्या पांढऱ्या काठीचं काम सुरू होतं.

व्हीएचएफच्या लहरी फारशा वाकत नाहीत, जवळजवळ सरळ जातात, आणि पृथ्वी गोल आहे. म्हणून पहिला प्रश्न वॅटचा नसून उंचीचा असतो. हे उत्तनकरांना नव्याने सांगायला नको. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. १७३९च्या मार्चमध्ये चिमाजीआप्पांच्या फौजेने तो घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. त्या टेकडीवरून वसईच्या खाडीचं तोंड आणि पलीकडचा कोट दोन्ही दिसतात, म्हणून ती हवी होती. रेडिओलाही अशीच नजर लागते. हिशेब सोपा आहे: अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. असं दोन्ही बाजूंचं काढायचं आणि बेरीज करायची.

केबिनच्या छपरावर तीन मीटरवर अँटेना असली तर सात किलोमीटर. समोरच्या बोटीचीही तेवढीच असेल तर दोघांत चौदा. तीच अँटेना डोलकाठीवर सहा मीटरवर नेली की एका बोटीचे दहा आणि दोघींचे मिळून वीस. किनाऱ्यावर साठ मीटर उंचीवर कुणाची अँटेना असेल, तर सहा मीटरवाल्या बोटीचा आवाज तिथे बेचाळीस किलोमीटरवरून पोचू शकतो. बेचाळीस म्हणजे पावणेतेवीस सागरी मैल. उभं राहून हातातला संच तोंडाशी धरला तर तो पाण्यापासून दोन-अडीच मीटरवर असतो. म्हणून पाच वॅटच्या दोन हातसंचांमध्ये बारा-तेरा किलोमीटरच्या पुढे आशा ठेवू नये. क्षितिजाआड गेलेल्या माणसाशी बोलायला वॅट दुप्पट करून फारसं काही हाती लागत नाही. काठी तीन मीटर वर नेऊन लागतं. आणि त्याला खर्च लागतो तो एका पाइपाचा, दोन क्लॅम्पचा आणि थोड्या जास्त केबलचा.

ही जास्तीची केबल फुकट येत नाही, आणि खरा घोटाळा इथूनच सुरू होतो. संच २५ वॅट देतो तो आपल्या मागच्या कनेक्टरवर. अँटेनापर्यंत किती पोचतात ते केबल ठरवते. बाजारात सहज मिळणारी बारीक केबल म्हणजे आरजी-५८, पाच मिलिमीटर जाड. तिच्या दहा मीटरमध्ये या पट्ट्यावर सुमारे दोन डेसिबल जातात, म्हणजे २५ पैकी १६ वॅट वर पोचतात. दहा मिलिमीटर जाडीची आरजी-२१३ घेतली तर वीसच्या आसपास पोचतात. लांबी वीस मीटर झाली तर बारीक केबल दहा वॅट वर देते, जाड केबल सोळा. म्हणजे डोलकाठीवर अँटेना चढवायची आणि खाली बारीक केबल लावायची, तर एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने थोडंफार परत द्यावं लागतं. उंचीचा फायदा तरीही मोठाच राहतो, हे मुद्दाम सांगतो. पण जाड केबल घेतली तर तो पूर्ण पदरात पडतो. येणाऱ्या आवाजाचंही असंच नुकसान होतं, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही.

कोरड्या, नव्या केबलचे हे आकडे आहेत. उत्तनच्या बोटीवरची केबल कोरडी नसते. बंदीच्या महिन्यांत एकदा कनेक्टरपासून वीतभर अंतरावर ती कापून पाहावी. बाहेरचं काळं आवरण चांगलं असतं, चकाकतंसुद्धा. ब्लेडने ते उभं चिरलं की आत तांब्याच्या तारांची विणलेली जाळी दिसते. नव्या केबलमध्ये ती तांबूस किंवा कल्हई केलेली, रुपेरी असते. इथे ती काळपट निघते, मध्येच हिरवी, बोटाने घासली की भुकटी होऊन सुटते. आतलं पांढरं प्लॅस्टिक सोललं की मधली तार काळवंडलेली. आणखी वीतभर मागे कापलं तरी तेच, आणि कधीकधी हातभर मागेही तेच. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं खारं पाणी त्या जाळीतून आत आत सरकत जातं. शिरतं ते एखाद्या मिलिमीटरच्या फटीतून, आणि ती फट बहुतेक वेळा अँटेनाखालच्या कनेक्टरला असते. अशी केबल वरून पुसून, नवा कनेक्टर लावून सुधारत नाही. ती टाकून द्यावी लागते.

काही बोटींवर टीव्हीची केबल लावलेली असते. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं संच जळेल, कुणी म्हणतं काही फरक पडत नाही. खरं दोन्ही नाही. सागरी संच, केबल आणि अँटेना ५० ओहमच्या असतात, टीव्हीची केबल ७५ ओहमची. ५० आणि ७५ जिथे भेटतात तिथे जेमतेम चार टक्के शक्ती उलट फिरते. तेवढ्याने संच मरत नाही. पण केबल किती लांब कापली आहे त्याप्रमाणे संचाला वेगवेगळा भार दिसतो. काही लांबीला एसडब्ल्यूआर मीटर अगदी छान दाखवतो, काही लांबीला सव्वादोनपर्यंत चढतो, आणि लावणाऱ्याला कारण कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तिचं पातळ पत्र्यासारखं आवरण आणि तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार. खाऱ्या हवेत उघडी पडली की ती गंजते. घराच्या गच्चीसाठी बनलेली वस्तू आहे, तिला दर्यावर नेऊ नये.

मीटरचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. एसडब्ल्यूआर म्हणजे गेलेल्या शक्तीतली किती उलट फिरली याचं माप. १.५ला चार टक्के, २ला अकरा टक्के, ३ला पंचवीस टक्के. तीनच्या पुढे बरेच संच स्वतःला वाचवायला आपली शक्ती कमी करतात. म्हणून आकडा लहान असला की सगळे खूश होतात. पण मीटर लावला जातो संचाच्या मागे, केबिनमध्ये. केबल आतून कुजलेली असेल तर ती वर जाणारी शक्तीही खाते आणि वरून फिरून येणारीही खाते. परत काहीच येत नाही, म्हणून मीटर उत्तम दाखवतो. सहा डेसिबल खाणाऱ्या केबलच्या टोकाला अँटेनाच नसली, टोक हवेत लोंबकळत असलं, तरी खालच्या मीटरवर १.७ दिसतो. बहुतेक जण तो आकडा पाहून काम झालं म्हणतील.

यावर उपाय एकच. मीटर केबलच्या वरच्या टोकाला न्यायचा, अँटेना सोडवून तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजीचा कृत्रिम भार, लावायचा, आणि खालून बोललं की वर किती वॅट येतात ते मोजायचं. वीस आले तर केबल चांगली, आठ आले तर फेकायची. मीटर व्हीएचएफसाठी बनलेला हवा. ट्रकवाल्यांच्या २७ मेगाहर्ट्झच्या संचांचा मीटर १५६वर काहीही दाखवतो.

एवढं बिघडूनही तक्रार का होत नाही? व्हीएचएफचा आवाज एफएम पद्धतीचा असतो. शक्ती निम्मी झाली, पाव झाली, तरी जवळच्या माणसाला तो तितकाच स्वच्छ ऐकू येतो. एका मर्यादेखाली गेला की खरखर येते आणि मग एकदम नाहीसा होतो. त्यामुळे बंदरात केलेली चाचणी नेहमी यशस्वी होते. दुसरी गोष्ट ऐकण्याची. मोठ्या जहाजाची अँटेना तीस मीटर उंच असते, तिचा आवाज आपल्या तीन मीटरच्या अँटेनावर जवळजवळ तीस किलोमीटरवरून येतो. बोटीचा प्रमुख, तांडेल, म्हणतो, संच चालतोय, सगळं ऐकू येतंय. पण अँटेना बिघडली की संच आपली शक्ती घटवतो ती बोलताना, ऐकताना नाही. आणि त्याची गाठ पडणार आहे ती बहुधा शेजारच्या डोलीवरच्या बोटीशी, जिची अँटेनाही तीन मीटरवरच आहे. ऐकू येणं हा पोचण्याचा पुरावा नाही.

आता अँटेना. दुकानात ३ डीबी, ६ डीबी, ९ डीबी असे आकडे सांगतात, आणि मोठा आकडा महाग असल्यामुळे तोच चांगला वाटतो. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. ती वर-खाली जाणारी शक्ती आडवी दाबते, इतकंच. ३ डीबीची काठी साधारण एक मीटर, ६ डीबीची अडीच मीटरच्या आसपास, ९ डीबीची पाच-सहा मीटर. जितकी लांब तितका झोत चपटा. शांत पाण्यात, रुंद आणि जड जहाजावर तो चपटा झोत क्षितिजावर टेकून राहतो. उधाणाच्या पाण्यात डोलीवर उभी असलेली बोट मात्र सतत कलते. कललेल्या बोटीवरचा चपटा झोत एका बाजूला आकाशात जातो, दुसऱ्या बाजूला पाण्यात, आणि आवाज तुटत तुटत पोचतो. अशा बोटीला उंचावर लावलेली एक मीटरची ३ डीबी बरी. माझं मत विचाराल तर उत्तन-वसईच्या बोटींसाठी ६ डीबीच्या पुढे जाऊच नये, आणि ६ घ्यायची तीही बोट मोठी असेल तरच.

लांबीमागे साधं गणित आहे. १५६.८ मेगाहर्ट्झची लहर १ मीटर ९१ सेंटिमीटरची. तिचा पाव भाग ४८ सेंटिमीटर, अर्धा ९६. पाव लहरीची छोटी काठी गाडीच्या टपावर चालते, कारण खालचा पत्रा तिचा उरलेला अर्धा भाग होतो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीवर तो पत्रा नसतो. म्हणून अशा बोटीला अर्ध्या लहरीची, खाली धातू नसला तरी चालणारी सागरी अँटेनाच लागते. पोलीस किंवा टॅक्सीच्या संचाची उरलेली काठी लावली तर ती दुसऱ्या फ्रीक्वेन्सीसाठी कापलेली असते आणि तिचा पायाही इथे नसतो. काठी लोखंडी डोलकाठीला चिकटवून बांधू नये, टोकाला तरी ती मोकळी असावी. एआयएस, म्हणजे बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारा संच, असेल तर त्याची अँटेना वेगळी आणि निदान मीटरभर दूर, कारण तोही १६१.९७५ आणि १६२.०२५वर, म्हणजे याच पट्ट्यात बोलतो.

जोडणीचं काम अर्ध्या तासाचं असतं आणि तिथेच घाई होते. पीएल-२५९ कनेक्टर पक्क्या सोल्डरने बसवावा, जाळीची एकही तार मधल्या तारेला शिवू देऊ नये. वरून साधी काळी इलेक्ट्रिक टेप लावतात, तिचा गोंद चैत्राच्या उन्हातच ओघळतो. ताणली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती आधी आणि साधी तिच्यावर. सिरक्यासारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ नेऊ नये, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबल केबिनच्या भोकात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जातं. बॅटरीची वायरही तपासावी. २५ वॅटने बोलताना संच पाच-सहा अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर टाकली तर जाऊन-येऊन वीस मीटर होते, आणि बोलायचं बटण दाबताच सव्वा व्होल्ट वाटेत उतरतो. जुन्या बॅटरीवर तेवढ्याने संच बंद पडू शकतो. हल्ली आणखी एक उपद्रव आहे, स्वस्त एलईडी दिव्यांचा. ते लावले की रेडिओत खरखर वाढते, खलाशी स्क्वेल्चचं बटण फिरवून ती दाबतो, आणि खरखरीबरोबर दूरची क्षीण हाकही दाबली जाते. दिवे मालवून ऐकून पाहिलं की लगेच कळतं.

हे सगळं इतकं बारीक का पाहायचं, याचं उत्तर या किनाऱ्याच्या इतिहासातच आहे. उत्तनसमोर समुद्रात वाशीचा खडक आहे आणि त्याच्यावर बोटी आपटून फुटलेल्या आहेत. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळ कोकणावर आलं तेव्हा बोटी समुद्रात होत्या. डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळाच्या तडाख्याने केरळ, तमिळनाडूच्या बोटी देवगडच्या बंदरात येऊन आश्रयाला थांबल्या. घरच्यांना त्या कुठे आहेत हे कळायला दिवस लागले. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ याच समुद्रावरून गेलं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २००८च्या नोव्हेंबरमध्ये पोरबंदरची कुबेर बोट पळवून अतिरेकी मुंबईत उतरले, त्यानंतर बोटींना राज्यवार रंग आले, मच्छीमारांना ओळखपत्रं आली, वीस मीटरपेक्षा मोठ्या बोटींना एआयएस सक्तीचं झालं. २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत व्हीएचएफ आणि इतर संपर्क साधनांना अनुदान आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच बोटींसाठीच्या उपग्रह संपर्क योजनेचाही शुभारंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे एक लाख ट्रान्सपॉंडर, सुमारे ३६० कोटींचा खर्च. हे चांगलंच आहे. क्षितिजाची अडचण उपग्रहाला नाही. त्या ट्रान्सपॉंडरची अँटेना उंचावरच हवी असंही नाही, तिला फक्त मोकळं आकाश हवं. पत्र्याच्या छपराखाली किंवा सुकत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगाखाली ठेवली तर ती निरुपयोगी.

पण उपग्रहावरून कळवलेला संदेश आधी किनाऱ्यावर जातो. दोन मैलांवर जी बोट उभी आहे, जी अर्ध्या तासात येऊ शकते, तिला हाक मारायला व्हीएचएफच लागतो. माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. किती संच वाटले हे कागदावर येतं. किती बोटींच्या काठीवर वीस वॅट पोचतात हे कुठेच येत नाही. अनुदानाच्या यादीत जाड केबल, पाइप, टेप आणि लावणाऱ्याची मजुरी यांनाही जागा हवी.

परवान्याचंही बोलायला हवं. व्हीएचएफ संच दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेच्या परवान्यानेच चालवायचा असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. लाल बटण असलेला डीएससी संच घेतला असेल तर त्यात ४१९ने सुरू होणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक भरलेला आणि जीपीएस जोडलेलं असावं. मग ते बटण दाबून धरलं की चॅनल ७०वरून बोट कोणती आणि कुठे आहे हे आपोआप जातं. क्रमांकच भरला नसेल तर ते बटण कामाचं नाही. आणि चॅनल १६वर भावाची, म्हावऱ्याची चौकशी करू नये. एकाच चॅनलवर दोघे बोलले की जोराचा आवाज क्षीण आवाजाला पुरता गिळतो, आणि संकटातला माणूस बहुतेक वेळा क्षीणच असतो. पहिली हाक १६वर मारून ताबडतोब दुसऱ्या चॅनलवर जावं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये असावा, पण बारा मैलांपलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता करता येईल. व्हीएचएफचा एक चांगला वॅटमीटर आणि एक डमी लोड, दोन्ही मिळून काही हजारांत येतात. एका बोटीला ते परवडणार नाहीत, पण मच्छीमार सहकारी संस्थेला सहज परवडतील. जुलैच्या शेवटी, बोटी पाण्यात उतरण्याआधी, डोलकाठी अजून हाताशी असताना, संस्थेचा एक माणूस आणि एक जाणता वायरमन ते घेऊन एकेका बोटीवर जाऊ शकतात. एका बोटीला वीस मिनिटं पुरतात. संस्थेच्या वहीत पाच रकाने: बोटीचं नाव, अँटेनाची पाण्यापासून उंची, केबलची जात आणि लांबी, वर पोचलेले वॅट, तारीख. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला दोन बोटींनी ठरवून एकमेकींपासून दहा किलोमीटरवर उभं राहावं आणि १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर बोलून पाहावं. पुढच्या वर्षी त्याच वहीत तोच आकडा पुन्हा लिहायचा, आणि वीसचे चौदा झाले असतील त्या बोटीची केबल बदलायची.